मुक्याचा हुंकार

माझ्या भाचीचं दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक टेबल, भिंतभर फळ्या आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग. आतली खोली लहान. तिच्या भिंतींना जाड फोम लावलेला, दोन खोल्यांमधल्या प्लायवुडच्या भिंतीत एक काच बसवलेली, आणि मधोमध लोखंडी टेबलावर उघडाच मांडलेला कॉम्प्युटर. आम्ही दुकान म्हणतो, पण ती विकत काहीच नाही. ती मोजते. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर जे मोठे एअर कूलर बसवतात, ते बनवणारे लोक तिच्याकडे आपापला माल पाठवतात. कुठला किती थंड ठेवतो आणि त्यासाठी किती गोंगाट करतो, हे ती सांगते.

असा कूलर मीही तोवर पाहिला नव्हता. जाडजूड शब्दकोश उभा ठेवावा एवढा आकार. खाली तांब्याचा चपटा तळ, तळातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, एकावर एक, दाबून बसवलेल्या पानांसारखे. बाजूला पंखा. नळ्या दोन्ही टोकांना बंद असतात आणि आत घोटभरही नाही एवढं पाणी असतं. खालच्या उष्णतेने ते उकळतं, वाफ वर जाते, पत्र्यांपाशी निवते, पुन्हा खाली उतरते. भाचीने हे समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, ते पाणी कधीच बाहेर येत नाही का? ती म्हणाली, आलं तर कूलर मेला.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. आमच्याकडे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवायचं, अशी पद्धत होती. वाचायचं काम माझं. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा आवाज बसतो, पण हातात छापील कागद असला की बसत नाही. दुसऱ्याची वाक्यं असली की मला बरं वाटतं. भाचीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिने मला बोलावलं.

तिला एक मोठं काम मिळण्याची शक्यता होती. एक कंपनी सभागृहांमध्ये बोललेलं तिथल्या तिथे पडद्यावर अक्षरांत उमटवते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. त्यांचे कॉम्प्युटर बोलणाऱ्याच्या अगदी जवळ ठेवलेले असतात, त्यामुळे पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरून चालत नाही. पाण्यावर चालणारी यंत्रणा त्यांना नको होती, गळती झाली तर काय, म्हणून. त्यांना मोठे एअर कूलर हवे होते आणि त्यातला कुठला घ्यावा हे भाचीने ठरवून द्यायचं होतं. अट एकच होती. तिने दिलेला आकडा त्यांच्या इंजिनियरसमोर पुन्हा निघाला पाहिजे. निघाला तर त्यांची सगळी चाचणी कायमची तिच्याकडे. नाही निघाला तर या धंद्यात तिला दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं, कारण मोजणाऱ्याचा आकडाच खोटा ठरल्यावर त्याच्याजवळ उरतं काय? नोकरी सोडून तिने हे दुकान थाटलं होतं. बहीण माझ्याजवळ येऊन त्याबद्दल कुरकुरायची, तिच्याजवळ नाही.

"नाहीतरी तुम्हाला वाचायचंच असतं, मामा," भाची मला म्हणाली. "ते इथे येऊन वाचा. चहा माझ्याकडून."

मी आतल्या खोलीत बसून माइकपुढे वाचायचं, प्रोग्रॅमने ते ऐकून टंकायचं. एकाच वेळी त्याच्या बऱ्याच प्रती चालू ठेवून तिने प्रोसेसरला पुरता कामाला लावलं होतं. सगळ्या कूलरसमोर तेच प्रकरण, त्याच वेगाने. मी एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणींचं पुस्तक निवडलं. ते कधीकाळी मीच तपासलं होतं आणि त्यात फारशा चुका राहिलेल्या नाहीत अशी माझी समजूत आहे.

कूलरना तिने टोपणनावं दिली होती. दोन मनोरे असलेल्याला जुळे. एकाला कपाट. रंगीत दिवे लावलेला एक होता; त्याच्यासाठी बाकीचं सगळं हलवून जागा करून द्यावी लागे आणि तरी तो नीट बसत नसे, त्याला ती जावई म्हणे. आणि एक मुका. एका लहान कारखान्यातून साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेला, राखाडी, ना नाव ना चित्र. त्याचा पंखा फिरतोय की नाही हे बोट धरून बघावं लागे. ती एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, आधी मुका घेते, मग जावयाकडे बघते. तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पंख्याचा आवाज माइकमध्ये गेला की प्रोग्रॅम त्यालाही शब्द समजायचा. जावयासमोर वाचताना पडद्यावर माझ्या वाक्यांमध्ये "वा वा" उमटलं आणि भाची काचेपलीकडे पोट धरून हसली. कपाटाचं "श श" झालं. जुळ्यांचं काहीच झालं नाही.

मुक्यासमोर वाचलं तेव्हा पडद्यावर एकच अक्षर उमटलं, बऱ्याच ठिकाणी.

हुं.

भाची दार उघडून आत आली. "मामा, स्वतःच वाचताय आणि स्वतःच हुं देताय?"

मी म्हणालो, मी नाही दिलं. तिने मुक्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. कारण सोपं होतं. मी वाक्याच्या शेवटी थांबतो तेव्हा प्रोसेसरचं काम क्षणभर कमी होतं, पंखा किंचित मंदावतो, आणि त्या मंदावण्याचा आवाज हुंसारखा लागत असणार. मला ते पटलं. आकडाही असा आला होता की दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यावंसं वाटू नये. खोलीच्या तापमानापेक्षा बाकीचे सगळे चाळीसच्या आसपास वर होते, जुळे अडतीस. मुका एकतीस. भाचीने पडद्यावरची नोंद पुन्हा पुन्हा पाहिली, मग तो आकडा कंपनीला कळवून टाकला आणि मला शेजारच्या हॉटेलातून भजी मागवून दिली.

घोळ दुसऱ्या सकाळी निघाला. ती कामाला पूर्णविराम देण्यापूर्वी एकदा नुसत्या गणिती भारावरही, म्हणजे प्रोसेसरला केवळ आकडेमोड करायला लावून, सगळे कूलर तपासते. त्यात वाचायला कुणी लागत नाही. जुळे अडतीसच. जावई, कपाट, सगळे आपापल्या जागी. मुका मात्र चाळिसावर.

तिने तो उतरवला, तळाखालची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू सारखे आवळले, पुन्हा चालवला. चाळीस. मग मला फोन करून बोलावलं. मी वाचायला बसलो, रखवालदाराचं पुढचं प्रकरण काढलं, आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरत एकतीसवर आला.

पुढचे काही दिवस आम्ही त्या एका फरकाच्या मागे होतो. भाचीने पंख्याचा वेग बांधून टाकला, म्हणजे तो मंदावण्याचा प्रश्नच उरला नाही. हुं येतच राहिलं. आता मलाही ते कानाने ऐकू येऊ लागलं होतं. आवाज बाईचा किंवा पुरुषाचा म्हणता येईल असा नव्हता, मोठा नव्हता, आणि तो पंख्याच्या बाजूने येत नव्हता. पत्र्यांच्या मधून येत होता.

मग तिने पंखा काढूनच ठेवला. एवढा मोठा कूलर पंख्याशिवायही थोडा वेळ तग धरतो. तिने काम अर्ध्यावर आणलं आणि मला वाचायला सांगितलं. खोलीत फिरणारी एकही वस्तू नव्हती. वादळाच्या रात्री रखवालदार दिव्याची काच पुसायला जिना चढतो, असा मजकूर होता. तो वर पोचतो आणि त्याला काचेवर आतून उमटलेला हात दिसतो, तिथे मी थांबलो.

"हुं."

भाचीने काचेपलीकडून हाताने खूण केली, चालू ठेवा. तिचा चेहरा पाहून मी चालू ठेवलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात तिच्या आधी आली होती. छापखान्यात वाचत असताना मूळ प्रत धरणारा माणूस प्रत्येक वाक्याला हुं देत नाही. तो कंटाळला असेल तर उगाच देतो, ऐकत असेल तर नेमका देतो. मुक्याचं हुं पूर्णविरामावर येत नव्हतं. मध्येच कुठे नवं काही कळलं, कुठे रखवालदार खोटं बोलतोय असं वाटलं, तिथे यायचं. वर्णन लांबलं तर यायचं नाही. मीही मग वर्णनं थोडी झरझर वाचू लागलो.

हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही. तिने माझ्या हातून पुस्तक घेतलं, पानं उलटसुलट क्रमाने वाचायला सांगितली. शेवटाकडचं एक पान, मग सुरुवातीचं, मग मधलं. हुं आलं नाही, आणि आकडा चाळिसावर गेला. सरळ वाचलं की उतरला. तिने स्वतः वाचून पाहिलं, ती शाळेतल्यासारखी एका दमात वाचते, चाळीस. पहिल्या दिवशीच्या माझ्या वाचनाचं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं, ते माइकपुढे लावलं. चाळीस.

"म्हणजे माणूस समोर हवा," ती म्हणाली. "आणि तो तुम्ही हवात."

हे वाक्य तिने मोजणाऱ्याच्या आवाजात उच्चारलं. मला त्या वाक्याचं बरं वाटलं हे सांगायला हरकत नसावी. इतकी वर्षं मी वाचत आलो. पलीकडचा माणूस नेहमी चुका ऐकत असायचा.

तिने कारखान्यात फोन लावला. तो एक बाई चालवतात. भाचीने फोनचा आवाज मोठा ठेवला होता. बाई मोकळ्या बोलत होत्या, यात वेगळं काहीच नाही, तेच तांबं, तेच पत्रे, म्हणाल तर नळ्या जोडताना चार ठिकाणी कथलाचे डाग जास्त दिलेत. मग भाचीने विचारलं की नेमका हा नग आधी कुठे वापरला होता का. दोन गिऱ्हाइकांनी परत केला होता, त्या म्हणाल्या. बिघाड काही नव्हता. पहिल्याचं म्हणणं, तो चालू असला की घरात कुणी बोलेनासं होतं. दुसऱ्याने कारण दिलंच नाही. त्याने फक्त विचारलं होतं की हा ऐकून झाल्यावर काय करतो.

"काय करतो म्हणजे?" भाचीने विचारलं.

"मी पण तेच विचारलं," बाई म्हणाल्या. "तोवर त्यांनी फोन ठेवला होता."

मुका तिने परत पाठवायला हवा होता, असं आता मला वाटतं. पण आकडा गेला होता, त्यावर तिची सही होती, आणि इंजिनियर येण्याचा दिवस ठरला होता. त्याच कारखान्याचा दुसरा नग मागवून पाहिला. कितीही वाचलं तरी तो चाळिसावरच राहिला आणि त्याने एकदाही हुं दिलं नाही. भाचीने ठरवलं की जे आहे ते आहे. माणूस समोर वाचत असताना हा कूलर एकतीस देतो, हे खरं आहे, तर तेच दाखवायचं आणि गणिती भारावर चाळीस येतो हेही लपवायचं नाही. मला तिचा अभिमान वाटला. मात्र दरम्यान आमचं पुस्तक संपलं होतं. रखवालदार शेवटी बोटीत बसतो. त्या वाक्यावर मुक्याने हुं दिलं नव्हतं. खोलीतली हवा मात्र थोडा वेळ इतकी गार झाली होती की मी उपरण्यासारखी रुमालाची घडी गळ्याशी धरून बसलो.

इंजिनियर दुपारी आला. उंच, हळू बोलणारा, हातात स्वतःचा तापमापक. जावयाचे दिवे पाहून त्याने विचारलं, हा लग्नाला चाललाय का, आणि भाची जरा सैल झाली. तिने त्याला गणिती भाराचा आकडा आधी दाखवला. तो म्हणाला, ठीक आहे, आमच्यासमोर नेहमी माणूसच असतो. मग म्हणाला की पडताळणी जशीच्या तशी व्हायला हवी. पहिल्या दिवशी जे झालं तेच. तेच प्रकरण, तेच पान.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मला काही खटकलं होतं, पण काय ते कळलं नाही, आणि न कळलेलं बोलून दाखवायची मला सवय नाही. मी मान डोलावली.

आम्ही दोघे आत बसलो. इंजिनियर प्लायवुडच्या भिंतीला पाठ टेकून, तापमापकाकडे तोंड करून. भाची बाहेर तिच्या टेबलाशी. मी पुस्तक उघडलं.

पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. रखवालदाराने दिवा पेटवला, समुद्र पाहिला, आणि खोलीत माझ्या आवाजाशिवाय काही नव्हतं.

छत्तीस. अडतीस.

मी आवाज थोडा चढवला. काचेतून भाची दिसत होती. तिने पेन्सिल आडवी दातांत धरली होती आणि ती हलत नव्हती.

चाळीस. इंजिनियरने घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा मला समजलं की काय खटकलं होतं. रेकॉर्डिंग लावलं तेव्हा माणूस समोर नव्हता म्हणून तो गप्प राहिला, असं आम्ही धरलं होतं. तसं नव्हतं. ते प्रकरण त्याचं ऐकून झालेलं होतं. ऐकून झालेल्याला कोण हुं देईल?

पुस्तकात आता न ऐकलेलं एकही पान उरलं नव्हतं. खोलीत दुसरं पुस्तक नव्हतं.

मी पुस्तक मिटलं.

इंजिनियरने मान वर केली. मी विचारलं, मजकूर बदलला तर चालेल का. तो म्हणाला, बोलत राहा म्हणजे झालं, मला फक्त भार हवाय.

माझ्या हातात काही नव्हतं. मी माइककडे पाहिलं नाही, इंजिनियरकडे पाहिलं नाही. मुक्याच्या पत्र्यांकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात कित्येक वर्षं पडून असलेली एक गोष्ट, जी मी लिहिली नव्हती आणि कुणाला सांगितलीही नव्हती, सांगायला लागलो.

"एक माणूस दुसऱ्याची छत्री परत करायला निघतो," मी म्हणालो. "छत्री कुणाची ते त्याला आठवत नाही. गल्ली आठवते."

"हुं."

इंजिनियरने वळून पाहिलं नाही. पडद्यावर अक्षर उमटलं.

मी सांगत गेलो. माझा आवाज बसला नाही. पहिल्या दाराशी एक म्हातारी येते. ती छत्री बघते, त्याच्याकडे बघते, आणि म्हणते, छत्री आमची नाही, पण तुम्ही आमचे. जेवून जा.

"हुं."

एकोणचाळीस. सदतीस.

दुसऱ्या दाराशी एक माणूस. छत्री आमची नाही. पण तुम्ही आमचे. उशीर केलात. आत त्याच्यासाठी काढून ठेवलेली चप्पल असते, आणि ती त्याच्या पायाला बरोबर होते.

"हुं."

चौतीस.

तो माणूस घाबरत नाही, मी म्हणालो. त्याला एवढंच वाटतं की कुठेतरी चुकतंय. तो प्रत्येक दारी जातो. प्रत्येक दारी तेच. शेवटी गल्ली संपते आणि तो छत्री घेऊन स्वतःच्या घरी परततो.

एकतीस.

हुं आता माझ्या शब्दांच्या जरा आधी येऊ लागलं होतं.

घराला कुलूप लावून तो निघाला होता. कुलूप नसतं. आत कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. तो दारावर टकटक करायला हात उचलतो.

मी थांबलो.

यापुढची गोष्ट माझ्याकडे नव्हती. कधीच नव्हती. दार कोण उघडतं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि म्हणूनच मी ती लिहिली नव्हती.

पंखा फिरत होता. हुं आलं नाही. खोलीत कुणी श्वास रोखून धरावा तसं झालं.

आकडा अठ्ठावीसवर उभा होता.

इंजिनियरने आकडा टिपला आणि उठला. तो खूश होता. तुमच्या आकड्यापेक्षाही बरा निघाला, तो बाहेर येऊन भाचीला म्हणाला. उद्याच ते त्या कारखान्याला कळवणार होते, प्रत्येक सभागृहात एक. आणि इथून पुढची चाचणी तिच्याकडे. तिने टेबलाची कड धरली होती. तिने आभार मानले ते मला जेमतेम ऐकू आले.

दाराशी बूट घालताना तो मला म्हणाला, "पण दार कोण उघडतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो हसला. मग भाचीकडे वळून म्हणाला, "तुम्ही मामांना हुं फार छान देता. भिंतीपलीकडून, पण अगदी वेळेवर. आमच्या घरी आता असं कुणी देत नाही."

तो गेल्यावर भाचीने शटर अर्धं ओढलं. मग तिने आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून उपसली, तिची गुंडाळी केली आणि मुका परत पाठवायला त्याचं खोकं काढलं. पण तो तिने लगेच उचलला नाही. त्याला निवायला वेळ लागेल, ती म्हणाली. मी म्हणालो, तू कारखान्याला तुझं पत्र लिही, मी बसतो इथे.

तिने आईला फोन लावला. काम मिळाल्याचं सांगताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. प्लायवुडमधून तो मला येत होता, मग येईनासा झाला. मी लोखंडी टेबलाशी बसलो होतो. मला थकल्यासारखं आणि हलकं वाटत होतं. गोष्ट शेवटी सांगून झाली होती, निदान माझ्याकडे होती तेवढी, आणि त्या गोष्टीने भाचीचं दुकान सावरलं होतं. पुरे आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

काही वेळाने भाची दारात येऊन उभी राहिली. तिने पर्स खांद्याला लावली होती, हातात शटरच्या किल्ल्या होत्या. ती आत येता येता थांबली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "कुणाला हुं म्हणताय?"

"मी?"

"मघापासून. मला वाटलं फोनवर आहात."

मी तिच्याकडे पाहिलं, मग मुक्याकडे. पंखा थांबलेला होता. मला काहीही ऐकू येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी पत्र्यांवर हात ठेवला. वायर केव्हाची निघालेली होती, आणि पत्रे गरम होते, बोलून बोलून तापलेल्या गळ्यासारखे.

"चला ना," भाची म्हणाली. "मला बंद करायचंय."

"हुं," मी म्हणालो. ते तिला नव्हतं.

तिने पुढे होऊन माझा दंड धरला. मी तिचा हात बाजूला केला.

"थांब जरा," मी म्हणालो. "दार आत्ताच उघडलंय."